पूल आला, उतरा!

माझी वहिनी आमदार झाली तेव्हा मी म्हटलं, झालं! आता ही सभागृहातही तिकिटं फाडणार. नणंदेनं नावं ठेवायची नाहीत तर कोणी? पण मत मी तिलाच दिलं होतं, आणि त्यात माझा स्वार्थ होता.

वहिनी बसमध्ये कंडक्टर होती. आमच्या नदीवर नुसता माणसांपुरता झुलता पूल. बस अलीकडेच थांबायची. वहिनी गरजायची, "पूल आला, उतरा!" मग सगळ्यांनी डुलत पलीकडे जायचं आणि तिथली दुसरी बस धरायची. मी राहते पलीकडे, आई अलीकडे वहिनीपाशी. आईचे गुडघे गेले आणि तिचं माझ्याकडे येणंच खुंटलं. मी बांधलेलं घर तिनं पाहिलेलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "पूल झाला की येते." बस जाईल असा पूल करीन, एवढ्या एकाच शब्दावर वहिनी निवडून आली.

पुलाचा प्रश्न सभागृहात येणार त्या दिवशी मी मुद्दाम राजधानी गाठली आणि वर प्रेक्षकांत जाऊन बसले. वहिनीनं नियम सांगितला होता: नाव पुकारलं की आपल्याच जागेवरून बोलायचं. जागेवर नसलात तर प्रश्न गेला, बसा पुढच्या अधिवेशनाची वाट बघत.

आणि खाली बघते तर काय, ही उभी! हिच्या खुर्चीत एक म्हातारे आमदार मान टाकून घोरतायत. ते धापा टाकत आले आणि हिनं उठून जागा दिली. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या हो! पण जित्याची खोड. म्हातारं माणूस दिसलं की उठायचं, आणि आपण दांडी धरून उभं राहायचं. इथे दांडी नव्हती म्हणून बाईनं बाकाची कड धरली होती.

तेवढ्यात अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं.

"साहेब, जरा उठता का?" वहिनी हळूच म्हणाली. साहेब ढिम्म.

"सदस्य जागेवर नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "पुढचा प्रश्न..."

आईचं "येते, येते" आठवलं आणि डोळेच भरले. वहिनीचा तर असा राग आला, की खाली जाऊन तिला खुर्चीत दाबून बसवावं!

वहिनीनं छाती भरून श्वास घेतला. "पूल आला, उतरा!"

आजोबा खाडकन उठले, पिशवी काखोटीला मारली आणि तडक दाराकडे निघाले. मागच्या बाकावर डुलक्या घेणारे आणखी दोघे उठले. सगळं सभागृह खो खो हसत सुटलं. वहिनी टुणकन आपल्या जागेवर.

"विचारा बाई, विचारा," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले.

तिनं विचारलं. हसून मऊ झालेल्या मंत्र्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. पण होकारानं पूल होत नाही. वहिनी जिल्ह्याला परतली की घरी चहा घ्यायच्या आधी बांधकाम कचेरीत जायची. साहेब कामात आहेत म्हटलं की म्हणायची, "असू दे, मला उभं राहायची सवय आहे." शेवटी साहेबच कंटाळले आणि पूल झाला.

पहिल्या बसनं आईला न्यायला मी आले. खिडकीशी आई, मध्ये मी, कडेला आमदार. नदी दिसली आणि वहिनीच्या तोंडून निघालंच, "पूल आला, उतरा!"

अर्धी बस उठून उभी राहिली.

आईनं मात्र पुढची दांडी घट्ट धरली. "तुम्ही उतरा खुशाल," ती म्हणाली. "मी आता लेकीच्या गावातच उतरणार."