तांडेलाची उंच गाडी

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे, आणि मला चाकं नाहीत. दिवाळे गावात, खाडीच्या बांधामागे, दगडांच्या चार चवडींवर मी बसलो आहे. जाणारे-येणारे बघतात आणि हसतात. भंगारच ठेवायचं तर जमिनीवर ठेवावं, त्याला देव्हाऱ्यातल्या देवासारखं वर कशाला चढवलं, असं परवाच एक पाहुणा म्हणाला. त्या बापड्याला काय ठाऊक! ते दगड कोणी रचायला लावले आणि एवढेच उंच का, हे सांगायचं तर मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. या, वर चढून बसा जरा. चिंचेची सावली आहे, आणि मला तरी आता कुठे जायचंय?

माझा जन्म लढाईच्या काळातला, सातासमुद्रापलीकडचा. लष्करात मी दारूगोळा वाहिला, जखमी शिपाई वाहिले, एकदा तर एका साहेबाचा पियानोही वाहिला. पुढे ड्रायव्हरची बंद खोली, मागे उघडी ऐसपैस पाठ, चाकं माणसाच्या कमरेएवढी. चिखल असो, दगड असो, मी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण लढाई संपली आणि आम्ही नकोसे झालो. कल्याणजवळच्या एका मैदानात आम्हाला ओळीने उभं केलं. माझ्या बॉनेटखाली चिमणीने घर केलं, पाठीवर गवत उगवलं. काम सरो वैद्य मरो, ही म्हण मी तिथे अनुभवाने शिकलो.

मग एके दिवशी लिलाव निघाला आणि धर्मा आला.

धर्मा दिवाळ्याचा कोळी. त्याच्या घरच्या होडीचा तो तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. सुकाणू त्याच्या हाती, आणि तो म्हणेल ती दिशा. पण वादळात डोलकाठी मोडून त्याच्या उजव्या गुडघ्यावर पडली. पाय वाचला, गुडघा वाकायचा मात्र कायमचा थांबला. डुलत्या होडीवर ताठ पायाचा माणूस उभा राहू शकत नाही. सुकाणू धाकट्या भावाकडे गेलं आणि धर्मा किनाऱ्यावर आला. गाडी घेऊन मासळी बाजाराला न्यायची, असं त्याने ठरवलं होतं.

माझ्या शेजारी एक ठेंगणी, चकचकीत व्हॅन उभी होती. सोबतचा मेस्त्री म्हणत होता, ही घे, कमी पिते, वळवायला सोपी, तुला पुरून उरेल. धर्माने तिच्यात बसून पाहिलं आणि लगेच उतरला. मग माझ्याकडे आला. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि शिडाच्या दोरीवर चढावं तसा नुसत्या दंडांच्या जोरावर वर आला. बसला. समोर बघत राहिला. कितीतरी वेळ बघत राहिला. मेस्त्री खालून हाका मारतोय, याचं लक्षच नाही. शेवटी म्हणाला, "हीच."

माझी छाती अशी फुगली म्हणता! मला वाटलं, गड्याने माझी ताकद ओळखली. पुढे पुष्कळ वर्षं मी त्याच भ्रमात होतो.

गावात आम्ही शिरलो तेव्हा सगळा कोळीवाडा बाहेर आला. नव्या होडीला फोडतात तसा माझ्यापुढे नारळ फुटला, बॉनेटला झेंडूची माळ आली. धर्माची बायको बायजा हिने मला ओवाळलं. पण ओवाळताना तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. शेजारची गोजरा, जिच्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणत, ती तेवढ्यात बोललीच. "हत्ती आनलास रं धर्मा. आता याला चारा कोन घालनार?" सगळे हसले. धर्माही हसला. मग त्याने एक जाड दोर आणला, माझ्या पुढच्या आकड्याला बांधला आणि दुसरं टोक होडीच्या खुंट्याला अडकवलं. कोळ्याची होडी रात्री मोकळी राहत नाही ना! गाडी काय वाहून जाणार आहे, म्हणून लोक पोट धरधरून हसले. तरी धर्माने तो नेम कधी सोडला नाही.

एवढी मोठी गाडी कशाला, याच्यावर गावात रोज खल चाले. कोणी म्हणे, पाय गेला म्हणून आता रुबाब करतोय. कोणी म्हणे, छे, त्याचा ताठ पाय लहान गाडीत मावणार कुठे? बायजाचंही मत हेच की यात मिरवण्याशिवाय काही नाही. ती माझ्या पाठीवर बसे, मासळीच्या पाट्यांमध्ये, बाकीच्या बायकांबरोबर. पुढे बस, असं धर्मा एकदा म्हणाला. "म्होरं बसायला मी काय मडम हाय?" असं म्हणून तिने मागचा फाळका धाडकन लावून घेतला. तो विषय तिथेच मिटला.

त्या वेळी आजच्यासारखा डांबरी रस्ता नव्हता. भातखाचरं आणि मिठागरं यांच्यामधून धुळीची वाट पनवेलच्या बाजाराला जाई. आधी बायका डोक्यावर पाटी घेऊन ती वाट तुडवत. बोंबील, कोळंबी, जवळा, आणि डोक्यावरून पाठीवर ओघळणारं खारं पाणी. एखाद्या गाडीवाल्याने घेतलंच तर मासळीच्या वासाने नाक मुरडे आणि अर्ध्या वाटेत उतरवून देई. माझ्या पाठीला कसलं आलंय नाक! मी सगळ्यांना घेतलं. करावे गावात लग्न निघालं की वऱ्हाड माझ्याच पाठीवर. अडलेल्या बाळंतिणीला मी पनवेलच्या दवाखान्यात पोचवलं, आणि बाळ रडलं तेव्हा गोजरासुद्धा माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, हत्ती कामाचा हाय.

पण मित्रांनो, कौतुकाने टाकी भरत नाही. लगनसराई संपली, मासळी कमी झाली की मी अर्धा रिकामा धावे, आणि तहान मात्र तेवढीच. बायजा घर चालवत होती. तिला हे दिसत होतं. पनवेलला तिने तीनचाकी टेंपो पाहिला, लहानसा, थोड्या पेट्रोलवर पळणारा. त्याच सुमारास तुर्भ्याकडे कारखाने यायला लागले होते आणि तिथल्या नामदेवने दगड पुरवायचं काम घेतलं होतं. नामदेव आगरी, बोलायला फटकळ पण सरळ माणूस. त्याला माझ्यासारखाच दांडगा गडी हवा होता. बायजाने त्याला शब्द दिला. अमावास्या झाली की गाडी तुमची.

घरी येऊन तिने धर्माला सांगितलं. मला वाटलं, आता हा भांडेल. तो म्हणाला, "तू म्हंशील तसं." आणि बादली घेऊन मला धुवायला आला. नुकतंच धुतलं होतं तरी पुन्हा धुतलं. शेवटी वर चढला, काचेसमोर बसला आणि सुकाणूवर हात ठेवावेत तसे स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून नुसता बसून राहिला. मला विकणार याचं दुःख होतंच. पण त्या हातांकडे बघून माझा जीव जास्त तुटला. होडी एकदा गेली होती. हा माणूस आता पुन्हा काहीतरी गमावणार होता, आणि काय ते कोणालाच कळत नव्हतं. मलाही नाही.

अमावास्येला उधाणाची भरती येते, तशी ओहोटीही मोठी असते. त्या सकाळी पाणी पार लांब गेलं आणि होड्या चिखलाच्या पलीकडच्या कडेला टेकल्या. जवळा तर इतका आला होता की पाट्या पुरेनात. एवढं सगळं बायकांनी मांडीभर चिखलातून आणायचं? आज गाडीचा शेवटचा दिवस, आज तरी त्यांना चालायला नको, असं धर्माच्या मनात आलं. त्याने मला सरळ खाडीत उतरवलं.

इथे त्याची चूक झाली, आणि ती कोळीच करू जाणे. पाणी केव्हा येईल हे त्याला बिनचूक ठाऊक होतं. त्या वाटेने त्याने जन्मभर होडी सरकवली होती. पण होडीचं पोट चिखलावरून घसरतं, चाक घसरत नाही. जाताना मी कसाबसा गेलो. पाट्या भरून वळलो आणि मागची चाकं रुतली. धर्माने जोर केला तसा मी आणखी खाली गेलो. बायकांनी पाट्या उतरवल्या, डोक्यावर घेतल्या, मासळी वाचवली. तोवर पाणी फिरलं होतं.

सगळे ओरडत होते, धर्मा, उतर. धाकटा भाऊ दाराशी येऊन हात जोडायला लागला. धर्मा जागचा हलला नाही. "तांडेल होडी सोडत नाय," एवढंच म्हणाला. पाणी माझ्या चाकांना लागलं. मग पायरीला लागलं.

तेव्हा बायजा आली. लुगडं वर खोचलेलं, चिखलाने माखलेली, रागाने लाल. ही होडी नाय, खटारा हाय, असं काय काय बोलत ती पाणी कापत आली, पलीकडचं दार उघडलं आणि त्याला ओढून काढायला वर चढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती पुढे बसली.

आणि त्याला ओढायला पुढे केलेला हात तिने मागे घेतला.

समोर माझं लांब बॉनेट होतं, होडीच्या नाळेसारखं, म्हणजे तिच्या पुढच्या टोकासारखं निघालेलं. त्याच्या पलीकडे चहूकडे पाणी. शेजारी धर्मा, पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर, डोळे लांब खाडीच्या तोंडाकडे. मित्रांनो, आमच्या गावात मासेमारीच्या होडीवर बायका जात नसत. बायजाने नवऱ्याला होडी लोटताना पाहिलं होतं, परत येताना पाहिलं होतं. पण तांडेल म्हणून तो पाण्यावर कसा बसतो, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ते ती आज बघत होती.

"रोज असाच बसायचास?" तिने हळू विचारलं.

"रोज." मग तो म्हणाला, "जिमिनीवरनं बांधच दिसतो, बायजे. हितनं पानी दिसतं. पनवेलपर्यंत दिसत ऱ्हातं."

बायजाने डोळ्याला पदर लावला. माझाही भ्रम तिथेच फिटला. त्या मैदानात तो इतका वेळ समोर का बघत बसला होता, ते मला आत्ता कळलं. ताकद नाही, रुबाब नाही. त्याला फक्त उंची हवी होती. ती माझ्याकडे होती, एवढंच.

मग बायजा पायरीवर उभी राहिली आणि तिने असा आवाज दिला की बांधावरची पोरंसुद्धा दचकली. "बघत काय बसल्याव? होडी वडतात तशी वडा!"

झालं. दोर आले, फळ्या आल्या, होड्यांखालचे ओंडके आले. पुरुष पुढे, बायका दोराला, आणि गोजरा सगळ्यांच्या पुढे ताल धरायला. पाण्याने चिखल सैल केला होता, तेही कामी आलं. ज्या दोराला गाव हसलं होतं, त्याच दोराने गावाने मला बांधापाशी आणलं. धर्मा शेवटपर्यंत चाक धरून होता, आणि बायजा त्याच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी नामदेव ठरल्याप्रमाणे आला. माझ्या पोटात खारं पाणी गेलं होतं, धर्मा विहिरीचं पाणी ओतून मला धूत होता. बायजाने नामदेवला चहा दिला आणि म्हणाली, दादा, मी शब्द दिला होता, तो मोडते, तुम्ही रागवा. नामदेव रागावला. शब्द तो शब्द, म्हणाला. मग तीनचाकीचं काय झालं, असंही त्याने विचारलं.

"ती ल्हान हाय," बायजा म्हणाली. "तिच्यात आमचा तांडेल मावत नाय."

नामदेवने धर्माकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहा संपवला आणि उठला.

तहानेचा प्रश्न होताच. तोही बायजानेच सोडवला. मोठी गाडी ठेवायची तर ती भरून न्यायची, असं म्हणून ती करावे आणि सारसोळ्यापर्यंत फिरली. डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या तिथल्या बायकांना तिने माझ्या पाठीवर जागा दिली. त्यानंतर मी रिकामा धावल्याचं मला आठवत नाही. आणि बायजा पुढे बसे. गोजराने मडम म्हणून चिडवलं तरी बसे.

आता माझं इंजिन थंड झालं आहे. सुटे भाग मिळत नाहीत, धर्माला लांबचं नीट दिसत नाही. मागच्या वर्षी नामदेव पुन्हा आला, दगडाच्या गाड्याला चाकं हवी होती म्हणून. बायजा म्हणाली, चाकं न्या, पण बदल्यात खाणीतले दगड आणा. चाकं काढण्याआधी ती माझ्या दाराशी उभी राहिली आणि बसायची जागा तिच्या छातीपर्यंत येते हे तिने हाताने पाहून ठेवलं. चवड रचताना गवंडी म्हणाला, बस झालं बाई. ती परत दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, अजून एक थर. म्हणून हे दगड एवढे उंच आहेत.

मित्रांनो, म्हणतात की इथे आता मोठं शहर वसणार आहे. मोठमोठ्या गाड्या येतील. एवढी मोठी कशाला, असं तुमच्या मनात येईल. जरूर विचारा, कारण उगाच पेट्रोल जाळणारेही असतातच. पण हसण्याआधी एकदा वर चढून त्या माणसाच्या शेजारी बसून बघा. आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना भंगारात घालण्याआधी, आमच्यावाचून कोणाचं काय दिसेनासं होईल, तेवढं पाहा.

चला, आता जरा सरका. ऊन कललं, धर्मा यायची वेळ झाली. आला की आधी तो दोर खुंट्याला अडकवेल, मग दंडांच्या जोरावर वर चढेल. आता त्याला पाणी धूसर दिसतं, म्हणून कुठली होडी आली, कोणी शीड उतरवलं, हे बायजा त्याला शेजारी बसून सांगते. तुम्ही उतराल तेव्हा ते डावीकडचं दार हळू लावा. ते तिचं आहे.