वडीगोद्रीचा टू-जी

त्या रविवारी बापू आणि मी वडीगोद्रीत हायवेच्या कडेला चहा पीत बसलो होतो. मी संभाजीनगरला एका मोबाइल कंपनीत नेटवर्कची आखणी करते. या भागातल्या टॉवरांवरचं टू-जी बंद करून ती सगळी फ्रिक्वेन्सी फोर-जीला द्यायची, हा प्रस्ताव माझाच होता; तोच समोर लॅपटॉपवर उघडा होता.

बापू म्हणजे माझे वडील आबाराव, टेलिफोन खात्यातले निवृत्त टेक्निशियन. त्यांनी खिशातून वही काढली. अठरा वस्त्यांची नावं, प्रत्येकीपुढे फक्त टू-जीवर चालणाऱ्या साध्या फोनांचा आकडा. सगळं मोटारसायकलवर फिरून टिपलेलं.

"दोनशे बारा. निम्मे मेंढरांमागं. ह्यांनी काय करावं?"

"फोर-जीचाही साधा फोन मिळतो, बापू."

"त्याची चार्जिंग किती दिस पुरती? तुझी आसराआत्या पाच-पाच दिस रानात ऱ्हाती. बाभळीला बोर्ड बसवून देती का तू?"

मी हसले.

"हसून राह्यली. मागं घरोघरचे बिनतारी फोन बंद केले, तवा ती डबडी मीच गोळा केल्ती. लोक इचारायचे, आमचं काय चुकलं?"

"बघते," म्हणत मी लॅपटॉप मिटला आणि वही मागून घेतली.

सोमवारी ऑफिसात आमच्या यंत्रणेतून त्याच अठरा वस्त्यांचा आकडा काढला. दोनशे सोळा. बापूंचे दोनशे बारा, तेही पेन्सिलीनं! ती वही मी टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. मग टू-जीसाठी फ्रिक्वेन्सीची एक अरुंद पट्टी राखून प्रस्ताव नव्यानं लिहिला.

"स्वतःचंच खोडतेस?" साहेबांनी विचारलं.

"चुकलं होतं, सर."

बापूंना मंजुरी आल्यावर सांगायचं ठरवलं. मंगळवारी सकाळी ते अंगणात गाडी पुसता पुसता खाली बसले, ते उठलेच नाहीत. मंजुरी दहाव्या दिवशी आली.

तेराव्यानंतर, मी ऑफिसात असताना, आसराआत्याचा फोन आला. मागे मेंढरांचा गलका.

"अगं वर्षे, कोकरं व्हायलीत, निघताच आलं न्हाई बघ. आबाराव म्हनला व्हता, ह्यो फोन बंद पडनार. पर म्हनं, माझी लेक हाये तिथं, ती बराबर करती."

पलीकडच्या टेबलावरची माणसं ऐकत होती. मी आवाज खाली केला नाही.

"बंद न्हाई पडत, आत्या. बापूचं बराबर होतं. माझं न्हाई."