डाव्या पायाची दुप्पट

डाव्या दाढेवरचा तो निळा ठिपका काही केल्या हलेना. तीनदा घासली, तीनदा दाब दाखवणारा निळा कागद मध्ये धरून प्लास्टरचे जबडे मिटवले, आणि तिन्ही वेळा ठिपका डावीकडेच – गडद, गुबगुबीत. उजवीकडे मात्र नुसती पुसट रेघ, कुणी भिंतीला खांदा घासून गेल्यासारखी. कवळी एका निवृत्त मुख्याध्यापिकेची होती, आणि ती परत येणार होती, तिसऱ्यांदा, आणि म्हणणार होती की डावीकडे टोचतंय... कवळी करणाऱ्याला धंद्यातली पहिली अक्कल हीच शिकवतात की अर्ध्या तोंडाचा ठसा घेऊन उरलेलं अर्धं तसंच असेल असं धरायचं नाही. माणसाचं तोंड म्हणजे मधोमध दुमडलेला कागद नव्हे. सव्वीस वर्षं कवळ्या करत तो ही अक्कल पाजळत आला होता. आणि आज सकाळी, सायकलच्या दुकानाचं दार पुरतं उघडायच्या आत, सायकली दुरुस्त करणाऱ्या बाईने फडक्याला हात पुसत त्याला सांगितलं होतं की तुमच्या सायकलीवरचा हा वॅट-मीटर फक्त डाव्या पायाचा जोर मोजतो आणि त्याला दोनाने गुणतो.

"आणि उजवा?"

"त्याला कोण विचारतंय, काका."

मग तिने त्याची सायकल स्टँडवर चढवली, दोन्ही पायांचं वेगवेगळं मोजणारी पेडलं लावली आणि त्याला दहा मिनिटं घाम काढायला लावला. डावा अठ्ठावन्न टक्के, उजवा बेचाळीस. म्हणजे मीटरवर दोनशे चाळीस वॅट दिसत होते तेव्हा खरे दोनशे सात. तेहेतीस वॅट कुठे गेले? कुठेच नाही, ते नव्हतेच! तीन वर्षांपूर्वी जिन्यात घसरून उजवा गुडघा उघडावा लागला होता, तेव्हापासून डावा दोघांचं ओढतोय आणि वर शाबासकीही दोघांची एकटाच खातोय. एकत्र कुटुंबातल्या कर्त्या भावासारखा. दोनशे चाळीस हा आकडा त्याने दाताच्या डॉक्टरांना सांगितला होता, न्हाव्याला सांगितला होता, एका लग्नात बायकोच्या बहिऱ्या मावशीला दोनदा सांगितला होता. आता तो घरोघर जाऊन परत मागायचा म्हटलं तर चपलांचे दोन जोड झिजले असते.

ते सायकलींचं मासिकच फाडून टाकायला हवं. खडी-मुरमाच्या रस्त्यांवर पोटापाण्यासाठी शर्यती मारणाऱ्या गड्यांचा त्यात तक्ता होता – कोण किती तास किती वॅट – आणि तो तक्ता वाचताना ह्याच्या अंगात वारं शिरलं. तीनशे वॅट, तासन् तास! म्हणजे सकाळच्या चहाला स्वयंपाकघरातला मिक्सर पायांनी फिरवायला घ्यायचा आणि दुपारचं जेवण वाढेपर्यंत थांबायचं नाही, मध्ये खड्डे, मध्ये ओढे, मध्ये एखादं कुत्रं. आणि सुरुवातीची वीस मिनिटं तर जीव काढायचा, कारण पुढे वाट अरुंद होते आणि मागे राहिला तो इतरांची धूळ खात बसतो. ह्याने ताबडतोब त्रैराशिक मांडलं. त्यांचं तीनशे, आपलं दोनशे चाळीस. आणि गेल्या रविवारी सरावाला निघाल्या निघाल्या वीस मिनिटं जीव काढला.

पण धूळ खायला होतं कोण तिथे? हा आणि मेहुणा. दोघं! सबंध माळावर दोन माणसं आणि पाच-सहा बकऱ्या.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ – धाकटा कसला, दाराच्या चौकटीएवढा, त्याच्या पाठीमागे सायकल लावली की वारा विचारायलाही येत नाही. वीस वर्षं दोघं असेच जातात. तो पुढे, हा मागे. त्याच्याकडे ना मीटर ना आकडा. ह्याला 'वॅटाचार्य' म्हणतो आणि शीळ घालत चढ चढतो. आणि वीस वर्षांचा ठराव असा की ओझं नको म्हणून एकाने पंप घ्यायचा, दुसऱ्याने जादा ट्यूब. रविवारी ट्यूब ह्याच्याकडे होती. मागे, सातव्या किलोमीटरला, मेहुण्याचं चाक बसलं तेव्हा त्याच्या हातात उत्तम पंप होता आणि हवा भरायला काहीही नव्हतं. फोनला रेंज नाही. आठ किलोमीटर तो सायकल ढकलत आला, उन्हात, खडीवर, त्या टणक तळाच्या बुटांतून...

आणि हा पंधराव्या किलोमीटरला दगडावर बसलेला.

"थांबलो होतो तुझ्यासाठी," हा म्हणाला.

मेहुण्याने हात पुढे केला. ट्यूब घेतली, बसवली, पंप मारला. शीळ घातली नाही.

काल त्याचा निरोप आला. येत्या रविवारच्या जोड्यांच्या शर्यतीत – तिथे जोडीतला जो मागून पोचतो त्याची वेळ धरतात, पहिल्याला कुणी हिंग लावून विचारत नाही – दोघांची नावं दिलेली. आज सहापर्यंत जोडीदार बदलता येतो. "भाऊजी, दुसरा कोणीतरी बघा. मी तुमच्या आकड्यात बसत नाही." बायकोने तो वाचला, फोन उलटा ठेवला आणि म्हणाली की माझा भाऊ रुसत नाही, त्यामुळे रुसल्यावर काय करायचं ते आमच्याकडे कुणालाच माहीत नाही, आता तुमचं तुम्ही निस्तरा.

निस्तरा! जेवणाच्या सुट्टीत त्याने पुन्हा ते मासिक उघडलं, खरं तर फाडायलाच, आणि तक्त्याखालची बारीक अक्षरं प्रथमच वाचली. हौशी मंडळींनी यातले आकडे उचलू नयेत. उचलायचंच तर एवढंच, की हे गडीसुद्धा एकमेकांच्या आडोशाने जातात आणि पुढचा जो वारा खातो तो मागच्याच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. – एवढी मोलाची गोष्ट मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापणाऱ्याला काय म्हणावं?

सव्वापाच. मुख्याध्यापिकाबाईंची दाढ पुन्हा हातात. घासायची मोटर पायाच्या खटक्यावर चालते. खटका त्याने दाबला आणि – थांबला. खाली पाहिलं. डावा. खटका टेबलाखाली सरकत सरकत पार डावीकडे आला होता, बहुधा तीन वर्षं तो डाव्यानेच दाबत होता आणि त्याच्या गावीही नव्हतं. त्याने तो पायानेच उजवीकडे ढकलला. उजव्याने दाबला. मोटर कण्हली, अडखळली, सरळ फिरेना; गुडघ्यात कुणीतरी सुई फिरवल्यासारखं झालं. हा, हाच तो बेचाळीस टक्के, मुकाट्याने मागून येणारा. इतकी वर्षं ह्याच्या नावावर दुसऱ्याचंच मोजलं, आणि तक्रार म्हणून नाही त्याची...

फोन प्लास्टरच्या भुकटीत पडला होता. 'त्या दिवशी मी तुझ्यासाठी थांबलो नव्हतो,' त्याने लिहिलं. 'पाय संपले होते. उठता येत नव्हतं.' वाचलं. चिडला – स्वतःवर, मीटरवर, त्या बाईच्या डाव्या दाढेवर. इतकी सरळ तीन वाक्यं, आणि चढ चढल्यासारखा श्वास का लागावा? पावणेसहा. अंगठा पाठवायच्या बटणावर होता, आणि टेबलाखाली उजवा पाय, कुणी सांगितलेलं नसताना, खटका दाबून होता; मोटर अजून कण्हतच होती, पण फिरत होती, आणि तो ती ऐकत राहिला, पहिल्यांदाच, दोनाने न गुणता.