ओळखीतून आलेलं

आमच्या ह्यांचं डोंबिवलीत वधू-वर सूचक केंद्र. म्हणजे आमचीच बाहेरची खोली आणि १९९१ पासून तिथे एक कॉम्प्युटर. चपला दाराबाहेर, हात धुतलेले हवेत आणि सर्दीवाल्याने उंबऱ्यावरूनच बोलायचं, कारण ‘व्हायरस’. फ्लॉप्यांच्या डब्यात ह्यांनी डांबराच्या गोळ्यासुद्धा टाकून ठेवल्या होत्या.

तरी एकदा कुणाच्या तरी फ्लॉपीतून तो आलाच. पडद्यावर एक टिंब टणाटण उड्या मारू लागलं. शेजारीपाजारी बघून गेले, मला सगळ्यांना चहा करावा लागला. नुकसान तेवढंच. त्यानंतर अनोळखी फ्लॉपी बंद. घ्यायचं ते ओळखीतून आलेलंच. स्थळांबद्दलही ह्यांचा हाच नियम.

नव्व्याण्णव साली घरात इंटरनेट आलं आणि आमच्या मुलीसाठी, उत्तरासाठी, शहाडचं स्थळ. रविवारी बैठक ठरली. मुलगा आवडलाय असं ती बोलली नाही, पण साडीला फॉल-पिको करून आणला.

गुरुवारी बाळकुमला असंच केंद्र चालवणाऱ्या रमाबाईंची ईमेल आली, तुम्ही मागितलेली माहिती सोबत आहे म्हणून. ह्यांनी काहीच मागितलं नव्हतं. रमाबाई सहीसुद्धा मराठीत करतात आणि ईमेल अस्खलित इंग्रजीत. पण रमाबाई ओळखीच्या ना! ह्यांनी उघडली.

या वेळी पडद्यावर कशानेच उड्या मारल्या नाहीत. व्हायरसने मुकाट्याने पन्नास पत्ते घेतले आणि ह्यांची ‘खाजगी शेरे’ नावाची फाइल ह्यांच्याच नावाने सगळ्यांना धाडली. ओळखीतून आलेली, म्हणून सगळ्यांनी उघडली. फॉर्मवर ‘सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ असलेल्या मुलींचं खरं वर्णन ठाण्यापासून कल्याणपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी फोन खाली ठेवायची सोय नव्हती.

संध्याकाळी उत्तरा ऑफिसातून छापील कागद घेऊनच आली. तिचाही पत्ता त्या पन्नासांत होता. ‘उत्तरा. रंगरूप बेताचं. येईल त्या स्थळाला हो म्हणणं भाग.’ पोटच्या पोरीबद्दल हे लिहिणाऱ्या माणसाला मी पंचवीस वर्षं गरम पोळ्या वाढल्या, याचा मला संताप आला.

“अगं, व्हायरसचं काम ते,” हे म्हणाले.

“व्हायरसने फक्त पोचवलं, बाबा.”

शनिवारी शहाडहून मुलाच्या आईचा फोन आला. शेरा त्या मुलानेही वाचला होता. पण मंडळी समजूतदार, रंगरूपाचं चालवून घेऊ म्हणाली.

फोन उत्तरानेच घेतला होता.

“मी नाही चालवून घेणार,” ती म्हणाली.