तीन पायांचा कोंबडा

त्या युद्धपटाला परदेशात मोठं बक्षीस मिळालं, आणि इकडे झाओझेर्ये गावात उस्तिन्याचं ठरलेलं लग्न मोडायला आलं.

सिनेमा इथेच, तळ्याकाठी काढलेला. सगळं गाव त्यात होतं. उस्तिन्याची शेळी तर एवढी खरी रडली, की दिग्दर्शकाने म्हणे तिच्यापुढे टोपी काढली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, येर्मोलाय फोमिचच्या वाट्याला मात्र जर्मनांना सामील झालेला गद्दार आला, कारण तसल्या जाड भुवया दुसऱ्या कोणाला नव्हत्या. तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. पण बक्षिसानंतर गावच्या क्लबात सिनेमा दाखवला, आणि पडद्यावर येर्मोलाय दंडाला गद्दारांची पांढरी पट्टी बांधू लागला. एक टोक दातांत, दुसरं बोटांत, आणि पापणी लवायच्या आत गाठ. सूर्यफुलाच्या बिया फोडणारे गावकरी चावायचे थांबले.

"सरावाचा हात आहे, गं," शेजारीण पेलागेया उस्तिन्याच्या कानाशी कुजबुजली.

"गप बस. नाटक आहे ते," उस्तिन्या म्हणाली.

"नाटक तोंडाने करतात. गाठ कोण शिकवतं?"

शब्द रुतला. येर्मोलाय युद्धानंतर तळ्यापलीकडून आलेला उपरा. युद्धाचं काही विचारलं, की हा सरपण आणायला उठायचा. आणि उस्तिन्याच्या पहिल्या नवऱ्याला, तिमोफेईला, असल्याच पट्टीवाल्यांनी जर्मनांना पकडून दिलं होतं; तो परत आलाच नाही. येत्या रविवारी ती ज्याच्या शेजारी उभी राहणार, तो त्यांतलाच निघाला तर?

सकाळी येर्मोलाय नेहमीसारखा धिरडी खायला आला. आज उस्तिन्याला त्याचं सगळंच खटकत होतं. बूट जास्तच पुसलेले होते. मांजर त्याच्याकडे पाठ करून बसलं होतं. रोजच बसायचं, पण आज त्यात अर्थ होता. तिने एक पांढरी चिंधी त्याच्यापुढे टाकली.

"बांध."

त्याने बांधली. दात, बोटं, गाठ.

"कुठे शिकलास?"

"पेलागेयाने कान भरले वाटतं."

"माझे कान मला सांभाळता येतात. तिमोफेईला नेलं, तेव्हा तुझ्या दंडावर काय होतं?"

येर्मोलायने धिरडं ताटलीत ठेवलं आणि तो निघून गेला.

"पळाला ना?" कुंपणापलीकडून पेलागेयाने विचारलं. ती बहुधा पहाटेपासून तिथेच उगवलेली होती. उस्तिन्याने तिच्या तोंडावर खिडकी लावली आणि चुलीतला लोखंडी चिमटा हाताशी घेऊन बसली.

तो परत आला तो कापडाचं बोचकं घेऊन. आत भरतकामाचा पांढरा पंचा होता. एका टोकाला जुना तपकिरी डाग, दुसऱ्या टोकाला लाल दोऱ्याचा कोंबडा. कोंबड्याला तीन पाय.

उस्तिन्याने चिमटा खाली ठेवला. नवरदेवाच्या पाठराख्याच्या दंडाला बांधायचा पंचा नवरीनेच भरायचा असतो. तिने तो भरला तेव्हा घाईत एक पाय जास्त झाला होता, आणि आई महिनाभर बोल लावत होती.

"तू होतास तिमोफेईचा पाठराखा?"

"तळ्यापलीकडून वरात आणली ती मीच. तू पदर घेऊन रडत होतीस, तुला कोण दिसणार? आमच्याकडे प्रत्येक लग्नात पाठराखा म्हणून मलाच धरून न्यायचे, पंचा बांधून बांधून हात बसला. आघाडीवर दंडात गोळी लागली, तेव्हा हाच बांधला. तिमोफेईला नेलं त्या हिवाळ्यात मी आघाडीपासून दूर, उरालच्या इस्पितळात होतो."

"मग इतकी वर्षं तोंडाला कुलूप का?"

"मित्राच्या लग्नात त्याच्याच नवरीकडे बघत उभा होतो, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

उस्तिन्याने कोंबड्याचे पाय पुन्हा मोजले. शंका अजून पुरती मेलेली नव्हती. तिला एक शेवटचा आचका द्यायचा होता.

"पण गाठ दातांनी का? दुसरा हात काय करत होता?"

"दुसऱ्या हातात व्होदकाचा ग्लास असायचा. पाठराख्याला तो खाली ठेवू देतात का कुठे?"

याला पुरावा लागत नव्हता. तिने धिरड्यांची ताटली पुन्हा त्याच्यापुढे सरकवली आणि पंचा धुवायला घेतला. रविवारी नव्या पाठराख्याला तो लागणार होता.