अस्वलाने दाबलेला हात

टंग, डंग, डंग... ठप्प.

मी मटारचा एक दाणा उजवीकडच्या वाटीत टाकला.

भिंतीपलीकडे माझी लेक गिटार घेऊन बसली होती आणि अलीकडे मी शेंगा सोलत होते. चौथा सूर नीट वाजला की दाणा डाव्या वाटीत, नाही वाजला की उजव्या. आधी हा नुसता चाळा होता. म्हातारीला रविवारी सकाळी दुसरं काम काय! पण महिन्यापूर्वी विसात चार दाणे उजवीकडे पडायचे, त्या रविवारी अकरा पडले. अकरावा टाकताना माझाच हात वाटीला असा लागला की दाणा ओट्याखाली गेला आणि त्याच्या मागोमाग वाटी.

"आई, काय पडलं गं?"

"काही नाही. तुझं गाणं ऐकून मटार पळून चाललेत."

"गाणं नाहीये ते. हॅमर-ऑन आहे."

"हो बाई, हातोडी. मारा."

लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणापासून एका जागी ठरलीच नाही, म्हणून. आता सत्तेचाळीस वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, फ्रेमचे मुंगीएवढे स्क्रू आवळते. जावई जहाजावर असतात, नात परगावी शिकते, घरात आम्ही दोघीच. चाळिशी उलटल्यावर हिला गिटारचं वेड लागलं. "माझ्या वयाच्या बायका गुडघ्याला पट्टा बांधतात, मी गिटारला बांधला," असं सगळ्यांना सांगत फिरते. दुकानातल्या चौघांनी मिळून बँड काढलाय. त्यात ही पुढे उभी राहून वाजवणारी. दुकानाला पंचवीस वर्षं होणार होती, त्या कार्यक्रमात तिला एकटीनं वाजवायचा एक तुकडा होता, सगळा हातोडीचा.

ही हातोडी मला मास्तरांनी समजावून सांगितली. मास्तर म्हणजे तिचे गिटारचे शिक्षक, सुकलेल्या शेंगेसारखा माणूस, बोलताना डोळे मिटतो. एकदा घरी आले तेव्हा म्हणाले, "आजी, उजव्या हातानं तार एकदाच छेडायची. मग डाव्या हाताचं एकेक बोट त्याच तारेवर वरून आपटायचं. तार आपोआप बोलली पाहिजे. पहिलं बोट धरून ठेवणारं, मधलं आणि तिसरं आपटणारं, शेवटी करंगळी. एका छेडण्यात चार सूर."

मग हिला म्हणाले, "आता उजवा हात खिशात घाल. छेडायचंच नाही. नुसत्या डाव्या हातानं वाजव. खोटं करायला जागाच नको."

हिनं उजवा हात खिशात घातला आणि वाजवलं. तीन सूर आले, चौथा नाही.

"करंगळी आळशी आहे तुझी," मास्तर म्हणाले.

दोघं हसले. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. कारण आळशी करंगळी मी आधी एकदा पाहिली होती.

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक होते. आठ-दहा मजल्यांच्या पोकळीत दोरावर लटकून काम करायचे आणि घरी येऊन खुर्चीवर चढून बल्ब बदलायला घाबरायचे. एक दिवस मी पाहिलं, पाना धरला की यांची डावी करंगळी वेगळीच उभी राहते. मी चेष्टा केली. मग हे बाहीचं बटण दातानं लावायला लागले. मग अंगठ्याजवळचं मांस आत गेलं, चमच्याचा खळगा असतो ना, तसं. कंपनीनं यांना वर चढवायचं बंद केलं आणि ऑफिसात फोन घ्यायला बसवलं. "हॅलो, किती माणसं अडकलीत?" एवढंच मग आयुष्यभर. पुढे पायही गेले.

डॉक्टर म्हणाले होते, नसांचा आजार आहे, रक्तातून उतरतो. मुलीला येईल किंवा नाही येणार, निम्मं-निम्मं. मोठी झाली की दाखवत राहा. लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची. बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती. आम्ही बाहेर आलो तसं तिनं विचारलं, "बाबांच्या हाताला काय झालं?"

मी तोंड उघडलं आणि त्यातून अस्वल बाहेर पडलं.

म्हटलं, "अगं, गावात सर्कस आली होती. सर्कसवाले उतरले हॉटेलात. त्यांचं अस्वल एकटंच लिफ्टमध्ये चढलं आणि बसलं अडकून, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. तुझ्या बाबांनी वरून उतरून त्याला सोडवलं. अस्वल इतकं खूश झालं, इतकं खूश झालं, की त्यानं बाबांचा हात हातात घेतला आणि जोरात दाबला. उजवा कशाला, डावाच, अस्वलं डावखुरी असतात."

हे माझ्याकडे नुसते बघत राहिले. पोरगी मात्र टाळ्या पिटायला लागली. घरी जाताना हे हळूच म्हणाले, "राहू दे. मोठी झाली की सांगू." पण लेक मोठी कधी होते, ते कुणी सांगितलंय? शाळेत तिनं अस्वल सांगितलं, सासरी सांगितलं, आपल्या पोरीला झोपवताना सांगितलं. दरवेळी मी त्यात भर घालत गेले. अस्वलाला टोपी आली, मग त्याला खोकला झाला. प्रत्येक फोटोत यांचा डावा हात खिशात असतो. का, तर अस्वलानं आठवण म्हणून दिलेलं नख खिशात होतं आणि ते हरवेल म्हणून बाबा मूठ सोडत नव्हते! हे गेले तेव्हाही लोक अस्वलाचीच गोष्ट काढून हसले. मीही हसले.

आणि आता भिंतीपलीकडे ठप्प, ठप्प.

त्या रविवारनंतर माझी झोप उडाली. घास तोंडात फिरायचा. हिच्या हातून चमचा पडला तरी मी धावत जाऊन बघायचे. दुकानातून आली की आधी हिचे हात बघायचे, मग तोंड. "आज तीन स्क्रू सांडले बाई," म्हणायची आणि हसायची. मला कुणीतरी विहिरीत ढकलल्यासारखं व्हायचं. सांगावं म्हणून किती वेळा तिच्या दारापर्यंत गेले. दारात पोचले की मी विचारायचे, "डाळ पातळ करू की घट्ट?"

शेवटी मी केलं काय? मी करू नये ते केलं.

गिटारचा आवाज ज्या डबड्यातून येतो, त्याला एक बटण आहे, खरखरीचं. मास्तर म्हणाले होते, "हे फिरवलं की मेलेला सूरही डरकाळी फोडतो. म्हणून शिकताना हे एकावरच ठेवायचं." ते माझ्या डोक्यात बसलं होतं. सोमवारी ही दुकानात गेल्यावर मी लोण्याची सुरी घेतली, बटणाची टोपी अलगद उचकटली, आतली दांडी तीळभर फिरवली आणि टोपी परत होती तशी बसवली. आकडा एकच! मंगळवारी आणखी तीळभर. बुधवारी आणखी. एकदम फिरवलं तर ओळखेल ना. आवाज मोठा वाटू नये म्हणून शेजारचं आवाजाचं बटण त्याच युक्तीनं तेवढंच मागे घेत गेले. पंधरा दिवसांत टोपीवर एक आणि आत सहा.

टंग, डंग, डंग, डंग!

"आई! ऐकलंस?" ही धावत स्वयंपाकघरात आली. "करंगळी आली जागेवर!"

"आली गं बाई," मी म्हटलं आणि तिला जवळ घेतलं. वीसच्या वीस दाणे डावीकडे. वाटीकडे बघून मला क्षणभर खरंच वाटलं, टळलं. अशी मी. स्वतःच्या थापेवर पहिला विश्वास माझाच.

मग शनिवार आला. संध्याकाळी ही शिकवणीहून परतली ती बोललीच नाही. गिटार खांद्यावरून न उतरवता खुर्चीत बसली.

"काय झालं?"

"तिकडे वाजत नाही. मास्तरांच्या डबड्यावर चौथा सूर येतच नाही. एकदाही नाही. घरी येतो आणि तिकडे येत नाही, असं कसं गं?" मग हसायचा प्रयत्न केला. "भुताटकी आहे बहुतेक."

बोलता बोलता तिनं बाहीचं बटण काढायला घेतलं. बोटांनी जमेना. तिनं मनगट तोंडाशी नेलं आणि बटण दातात धरलं.

मी जमिनीवर बसले.

"आई! काय होतंय? पाणी आणू?"

"बस. इथं बस माझ्यासमोर. मला तुला खरं सांगायचंय."

"बापरे," ती म्हणाली. "तू?"

मी सांगितलं. पाना, करंगळी, खळगा, डॉक्टर, निम्मं-निम्मं, बाक. एका दमात. माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती बेचव आहे, कुठे टोपी नाही, खोकला नाही.

ती हसली. "कार्यक्रमाची भीती घालवायला आहे का ही गोष्ट? मागच्या वेळी पोरीच्या परीक्षेला सांगितलीस तशी? आई, अस्वलच बरं होतं गं."

"भिंगरे, अस्वल नव्हतं."

"मग सर्कस तरी होती का?"

"नव्हती."

"शपथ घे."

"माझ्या शपथेला काय किंमत आहे? मागे मी शपथेवर तुला सांगितलं होतं की तुझा जन्म फुग्यात झाला."

आता तिचं हसू चेहऱ्यावर अडकलं, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टसारखं. तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. पांढरा शर्ट, भांग, डावा हात खिशात.

"मग खिशात काय होतं?"

"हात होता गं. नुसता हात."

मग डावा हात दिव्याखाली धरून तिनं अंगठ्याजवळ दाबून पाहिलं. मीही पाहिलं. खळगा फार नव्हता. पण होता.

"एकोणचाळीस वर्षं," ती म्हणाली. "एकोणचाळीस वर्षं तू मला अस्वल दाखवलंस."

मी तिच्या बाहीचं अर्धवट राहिलेलं बटण काढून दिलं.

"आणि पोरीचं? तिचं काय?"

"डॉक्टर सांगतील. आधी तू दाखव. मंगळवारची वेळ घेऊ. लवकर कळलं तर..."

"लवकर!" ती एवढ्या जोरानं म्हणाली की गिटारच्या तारा आपोआप घुमल्या. आम्ही दोघी दचकलो. ती उठून खोलीत गेली. दार लावलं नाही. मी फोटोतल्या माणसाशी भांडत बसले, तूही सांगितलं नाहीस, मेल्या.

मग आतून हाक आली. "चौथा सूर घरी कसा वाजायचा ते सांग आधी."

मी गेले. लोण्याची सुरी घेऊनच गेले. तिच्यासमोर बटणाची टोपी उचकटली आणि आतली दांडी दाखवली. तिनं दांडीकडे बघितलं, सुरीकडे बघितलं. मला वाटलं, आता ही सुरी माझ्यावर चालवणार.

"कर एकावर," ती म्हणाली. "आणि जा, वाट्या आण."

"कसल्या वाट्या?"

"आई, भिंतीला कान काय फक्त तुझ्याच बाजूनं आहेत? तुझे दाणे मला ऐकू येतात."

मी दोन्ही वाट्या आणल्या, मूठभर मटार आणले आणि तिच्या पलंगाच्या कडेला बसले. तिनं गिटार मांडीवर घेतली. उजवा हात खिशात घातला.

"खरं मोज."

पहिलं बोट. मधलं. तिसरं. आवाज बारीक होते पण होते. मग करंगळी वर गेली, तिथं जरा थांबली आणि खाली आली. काहीतरी ऐकू आलं. सूर होता की बाहेरून गेलेली सायकल, देव जाणे. ऐकणाऱ्याला ऐकायचंच असेल तर वाजला म्हणण्याएवढं काहीतरी.

तिनं वर पाहिलं. बाकावर बसून पाय हलवणाऱ्या मुलीचं तोंड.

"वाजला?"

माझ्या तोंडात शब्द तयार होता. गोड, गोल, टोपी घातलेला. मी तो गिळला.

"नाही," मी म्हणाले आणि दाणा उजवीकडे टाकला.

तिनं मान हलवली. खरं की खोटं, विचारलं नाही. करंगळी दोनदा झटकली आणि परत तारेवर धरली.

"बरं," ती म्हणाली. "पुढचा दाणा घे."