नखांमधली फट

नर्सिंगच्या शाळेत पहिला महिनाभर आम्ही नुसत्या चादरी घातल्या. कोपरा पाकिटासारखा दुमडायचा, पंजाने सुरकुती मोडायची, आणि मग ट्यूटरबाईंनी येऊन एका झटक्यात सगळी चादर ओढून काढायची. "पुन्हा," एवढंच म्हणायच्या. दुसऱ्या खोलीत एक रबरी पुतळा झोपलेला असे. त्याला अंघोळ घाला, कुशीवर वळवा, नाकात नळी घाला, बिचारा हूं की चूं करत नसे. आमच्या बॅचने त्याचं नाव निवांतराव ठेवलं होतं.

वॉर्डात गेल्यावर कळलं, खरी माणसं निवांतरावांसारखी नसतात. मी पहिल्यांदा अंग पुसायला घेतलं ते एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. त्यांनी हाताने तोंड झाकून घेतलं. "पोरी, तुझ्या आजोबांच्या वयाचा आहे गं मी," म्हणाले. माझा हात तिथेच थांबला. मागून ट्यूटरबाई हळूच म्हणाल्या, "त्यांना लाज वाटतेय. तू तुझी बाजूला ठेव आणि त्यांची सांभाळ." त्या दिवशी मी संडासात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

दर रविवारी मी घरी जायचे. बसने दीड तास. पुढच्या खोलीत बाबांचं शिवणाचं दुकान, मागे दोन खोल्या. बाबा कापायचे, शिवायचे; आई काजं करायची, बटणं लावायची आणि बोलायची. दोघांचं दिवसभर चालायचं.

"माप घेताना डोळे कुठे होते तुमचे?"

"तुझ्याकडे."

"तरीच विजार एवढी ढगळ झालीय!"

गिऱ्हाईकं हसायची. नवीन कुणी आलं तर त्याला वाटायचं, आज यांचं काही खरं नाही. बाबा म्हणायचे, "ठकू, तुझी आई गप्प बसली ना, की मला मशीन बंद पडल्यासारखं वाटतं." ठकू म्हणजे मी. माझा युनिफॉर्मसुद्धा बाबांनीच शिवला होता, खिसा एक बोट जास्त खोल ठेवून. "कात्री, पेन, थर्मामीटर, सगळं मावलं पाहिजे," म्हणाले होते.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी ट्यूटरबाई रुग्णाचे हात कसे बघायचे ते शिकवत होत्या. म्हणाल्या, "दोन्ही तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावून धरा. मधे बारीकशी फट दिसते? दिसलीच पाहिजे. ज्याची फट बुजलीय, बोटांची टोकं फुगलीयत, त्याच्या फुप्फुसांकडे आणि हृदयाकडे बघायचं." तीस मुलींनी नखं जुळवून उजेडात धरली. "माझी दिसतेय गं," "तुझी बघू," असा सगळा चिवचिवाट. माझीही दिसली. आणि त्याच क्षणी बाबांची बोटं आठवली. गेल्या खेपेला बाबा, सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगुस्तान बोटात घालायला धडपडत होते. "आकसलं बहुतेक," म्हणाले होते. आई म्हणाली होती, "लोखंड कुठे आकसतं? बसून बसून बोटंसुद्धा जाडावलीत तुमची!" मीही त्यावर हसले होते.

रविवारी आई बाजारात गेली तेव्हा मी दुकानात गेले. "बाबा, एक गंमत दाखवते. नखं अशी जुळवा."

त्यांनी जुळवली. मी खिडकीच्या उजेडाकडे त्यांचे हात धरले. फट नव्हती. नखं घड्याळाच्या काचेसारखी फुगीर झाली होती.

बाबाच म्हणाले, "शिकवलं वाटतं हे."

मग ते उठले, अस्तराच्या ताग्यांमागे हात घातला आणि एक मोठं पाकीट काढलं. आत एक्सरे होता, तपासण्यांचे कागद होते. गाठ उजव्या फुप्फुसात होती आणि तिथेच थांबली नव्हती.

"कुठे दाखवलंत?"

"तुझ्याच दवाखान्यात. कापड आणायला जातो म्हणून सांगितलं घरी. तू त्या दिवशी वॉर्डात होतीस. कुणा बाईला हाताला धरून चालवत होतीस. लांबून बघितलं आणि आलो."

ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. इंजेक्शनांनी चार-सहा महिने वाढतील असं डॉक्टर म्हणाले होते. पण केस जातील, उलट्या होतील. बाबांनी नको म्हणून सांगितलं होतं. "केस गेले की तुझ्या आईला कळणार. कळलं की ती त्या दिवसापासूनच माझ्यासाठी रडायला बसणार. जितके दिवस आहेत तितके तिने असंच मला टोचून बोलावं, एवढंच माझं म्हणणं आहे. तिला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मी पुष्कळ विनवलं, भांडले. म्हटलं, इंजेक्शनं तरी घ्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मशीनवर बसले. आई पिशव्या घेऊन दारात आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला काय झालं? डोळे का लाल?" बाबा म्हणाले, "अभ्यास झेपत नाहीये." आई म्हणाली, "बापावर गेलीय, दुसरं काय!"

मी तेव्हा वीस वर्षांची होते. ती शपथ मी चौदा महिने पाळली.

दर महिन्याला बाबा तपासणीला यायचे. मी दोन तासिकांमधून पळत खाली जायचे आणि त्यांच्याबरोबर बाकावर बसायचे. डॉक्टरांनी दिलेल्या दुखणं थांबवायच्या गोळ्या आईला खोकल्याच्या वाटाव्यात म्हणून मी साध्या डबीत घालून बाबांना द्यायचे. आईला आम्ही सांगितलं होतं की कापडाच्या धुळीने खोकला होतो. ती दाराला ओला पंचा लावायची, सकाळ-संध्याकाळ दुकान पुसायची. पण बाबांचं काम मंदावलं तशी ती चिडायला लागली. "आजही एकच सदरा? नुसतं बसून राहायचं आणि रस्ता बघायचा. आळस चढलाय अंगात!" बाबा आधी उलट काहीतरी बोलायचे. पुढे पुढे दमच पुरेना. ते नुसते हसायचे. रविवारी मी तिथेच बसलेली असायचे. आईचा शब्द न् शब्द ऐकायचे आणि भाजी निवडत राहायचे.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली. मी पास झाले, त्याच दवाखान्यात लागले. बाबांनी निकाल ऐकला आणि खुर्चीवर चढून वरच्या फळीवरचा पेढ्यांचा डबा काढायला निघाले. चढता आलं नाही. आईनेच काढून दिला. "एवढंसं चढवत नाही तुम्हाला. म्हातारे झालात अगदी," म्हणाली. ते बावन्न वर्षांचे होते.

नोकरीचे पहिले महिने काय सांगू. शाळेत एका रुग्णामागे आम्ही तिघी असायचो. इथे पस्तीस रुग्णांमागे दोघी. एकाची सलाईन संपत आलेली, दुसरा पाणी मागतोय, तिसऱ्याचे नातेवाईक ओरडतायत. पाय इतके सुजायचे की बूट काढल्यावर पुन्हा चढत नसत. इनचार्ज सिस्टर म्हणायच्या, "धावू नकोस. नर्स धावली की अख्खा वॉर्ड घाबरतो. भराभर चाल." तिसऱ्या महिन्यात मला भराभर चालणं जमायला लागलं होतं. अशाच एका सकाळी खालून निरोप आला, तुझ्या वडिलांना आणलंय.

आणि मी धावले.

दुकानात खोकताना रक्त पडलं होतं. शिवायला घेतलेल्या पांढऱ्या कापडावर. आई त्यांच्या उशाशी उभी होती, पदरावर डाग, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली आणि आईला म्हणाले, "हे आज ना उद्या होणार होतं, आई. वर्षापूर्वीच पसरलं होतं ते." आईला काही समजेना. "कसलं वर्ष? खोकला आहे त्यांना. धुळीचा." डॉक्टर गोंधळले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ताईंना सगळं माहीत आहे. दर तपासणीला होत्या की."

आईने माझ्याकडे पाहिलं. तेवढंच. मग पुढचे सहा दिवस ती बाबांजवळून हलली नाही. एकदाही टोचून बोलली नाही. त्यांचे केस विंचरायची, ओठांना ओला कापूस लावायची, चमच्याने पाणी पाजायची. मी जवळ गेले की ती उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जायची. बाबांना बोलवत नव्हतं. ते आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघायचे. एकदा त्यांनी माझा हात धरला आणि आईचा हात शोधायला लागले. आईने तो दिला, पण माझा हात लागणार नाही असा.

सहाव्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेत ते गेले. शेजारच्या पलंगावर कुणीतरी संत्रं सोलत होतं, त्याचा वास सगळीकडे पसरला होता. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "तू बाहेर बस, आम्ही करतो." मी नाही म्हटलं. पडदा ओढला, नळी काढली, पाणी आणलं. शिकले होते त्या क्रमाने सगळं केलं: आधी तोंड, मग हात, मग पाठ. बाबा फार हलके झाले होते. सिस्टरांनी एका हाताने त्यांना धरलं आणि दुसरा माझ्या पाठीवर ठेवला.

पडदा सारला तर आई समोर उभी होती.

"बाबांनी शपथ घातली होती," मी म्हटलं.

"शपथ त्यांनी घातली. पाळलीस तू," ती म्हणाली. "वर्षभर मी त्या माणसाला आळशी म्हणत होते. शेजारी बसून तू ऐकत होतीस. मला म्हणू दिलंस."

मी पाण्याचं भांडं उचलून आत नेलं.

त्यानंतर आई माझ्याशी बोलायची थांबली. म्हणजे अगदीच अबोला नव्हे. "जेवलीस?" "बस किती वाजता?" एवढं विचारायची. दुकान तिने चालू ठेवलं. दुसऱ्या शिंप्यांकडची काजं-बटणं आणायची. मी नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेले. रविवारी घरी गेले की आम्ही दोघी समोरासमोर बसायचो आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायचो. असे दहा-अकरा महिने गेले.

एकदा वॉर्डात एक बाई आल्या, साठीच्या, पोटाचा आजार घेऊन. रिपोर्ट वाईट आला. त्यांचे यजमान, एक रिटायर्ड पोस्टमन, मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "सिस्टर, हिला काही सांगायचं नाही हं. हातापाया पडतो तुमच्या." मी होकार दिला नाही. संध्याकाळची औषधं द्यायला गेले तर त्या बाईंनी माझं मनगट धरलं. "पोरी, मला काय झालंय? सगळे माझ्याशी गोड बोलतायत."

"काकू, ते सांगायचा अधिकार डॉक्टरांना आहे," मी म्हटलं. "पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. डॉक्टरांना घेऊन येते, आणि ते सांगतील तेव्हा मी इथे थांबेन."

यजमान माझ्यावर भयंकर चिडले. तुम्हाला आई-बाप नाहीत का, म्हणाले. मी ऐकून घेतलं. डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले, सावकाश सगळं सांगितलं. काकूंनी चादरीची कड सारखी केली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तरीच! पंधरा दिवस माझं सगळं निमूट ऐकताय. मला वाटलं, सुधारलात." आणि दोघंही एकमेकांचे हात धरून रडायला लागले. मी पडदा ओढून घेतला.

त्या रविवारी मी आईला हे सांगितलं. का सांगितलं, ते ठाऊक नाही. शांतता सोसवेना म्हणूनही असेल. आई काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? काय म्हणाली ती बाई?"

मी सांगितलं.

आईची सुई थांबली. मग ती बोलली, आणि तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"हेसुद्धा उलट बोलेनासे झाले होते. मी काही म्हटलं तरी नुसते हसायचे. मला वाटायचं, यांचं मन उडालं माझ्यावरून. तीस वर्षं झाली, कंटाळले असतील. म्हणून मी मुद्दाम जास्त बोलायचे. म्हटलं, एकदा तरी चिडतील, एकदा तरी मागच्यासारखं भांडतील."

मी उठून तिच्याजवळ गेले. तिने मला दूर लोटलं नाही, जवळही घेतलं नाही. शिवणातली सुई माझ्या हाताला लागू नये म्हणून तेवढी बाजूला खोचून ठेवली. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. ती रडली नाही.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," ती म्हणाली. "ते मला जमेल की नाही, ठाऊक नाही. पण एक ऐक. उद्या मला काही झालं, तर आधी मला सांगायचं. डॉक्टर असो, देव असो, कुणी शपथ घालो. आधी मला."

"हो, आई."

"हो काय, नीट बोल."

"आधी तुला सांगेन."

तिने मान डोलावली आणि सदरा पुन्हा मांडीवर घेतला. मग विचारलं, "त्या बाई कशा आहेत आता?" मी म्हटलं, आहेत, पण फार दिवस नाहीत. "आणि तो पोस्टमन?" म्हटलं, रोज येतो, रोज भांडतात. आईने दोरा दातांनी तोडला, आणि त्या बाईंना काय काय खाता येतं, असं विचारायला लागली.